बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षासाठी मेजर कोणता घ्यावा, आणि पालक प्राध्यापकांना नेमके काय विचारावे?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झाल्यामुळे आमच्याकडे पहिल्या वर्षी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय सारख्याच श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) होते. आता दुसऱ्या सत्राची परीक्षा संपली असून या तिन्हींपैकी एक विषय मेजर (मुख्य) म्हणून आणि एक मायनर (दुय्यम) म्हणून ठेवायचा आहे, तिसरा सोडायचा आहे. त्यासाठीचा अर्ज पंधरा दिवसांत भरून द्यायचा आहे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे घरी याविषयी विचारावे असे कोणी नाही. आमचे दाजी औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. केमिस्ट्री घेतलीस तर कुठेतरी नोकरी लागेलच, असे ते सांगतात. वर्गातील बहुतेक मित्रही रसायनशास्त्रच घेत आहेत. मला स्वतःला गणित आवडते आणि घरी पुस्तक उघडले की हात आपोआप गणिताच्या वहीकडे जातो, पण पहिल्या सत्रात मला रसायनशास्त्रात गणितापेक्षा सहा गुण जास्त मिळाले. पुढे एम.एस्सी. करून सेट किंवा नेट द्यावी आणि प्राध्यापक व्हावे, असे मनात आहे. त्याच वेळी एमपीएससीचा विचारही पूर्णपणे सोडलेला नाही.

आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यासाठी पालक प्राध्यापक योजना आहे. एका प्राध्यापकांकडे साठ ते सत्तर विद्यार्थी असतात. वर्षभरात मी सरांना दोनदा भेटलो आणि दोन्ही वेळा भेटीच्या नोंदवहीत सही करून परत आलो. सर मनाने अतिशय चांगले आहेत. मी विषय कोणता घेऊ असे विचारले, तेव्हा त्यांनी "ज्यात आवड आहे तो घे" असे सांगितले. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, पण तेवढ्यावर अर्ज भरण्याचा धीर होत नाही. आणखी काय विचारायला हवे होते, तेच मला कळले नाही.

म्हणून येथील अनुभवी मंडळींना विचारतो की अशा निवडीचा विचार कुठून सुरू करावा, मायनरला खरोखर किती महत्त्व द्यावे, आणि पालक प्राध्यापकांकडे पुन्हा जायचे असेल तर काय घेऊन जावे. तीन वर्षे की चार वर्षे, हा प्रश्नही आताच सोडवावा लागतो का, तेही कृपया सांगावे.

खडूफळा

तुमचा प्रश्न वाचून मला माझ्या स्टाफरूममधील अनेक दुपारी आठवल्या. मी ३१ वर्षे एका ग्रामीण महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले आणि त्यातील बराच काळ पालक प्राध्यापक म्हणूनही काम केले. त्यामुळे प्रथम दुसऱ्या बाजूचे सांगतो. साठ विद्यार्थ्यांना प्रत्येकी दहा मिनिटे द्यायची म्हटली तरी दहा तास लागतात, आणि वेळापत्रकात या कामासाठी एकही तासिका नसते. मूल्यांकनाच्या फायलीत भेटींची नोंद लागते म्हणून नोंदवही असते, पण भेटीला लागणारा वेळ कोणी देत नाही. याचा अर्थ विद्यार्थ्याने गप्प बसावे असा नाही. तुम्ही रिकाम्या हाताने गेलात तर सरांना सर्वसाधारण उत्तर देण्यावाचून मार्ग राहत नाही, पण तुम्ही एका कागदावर सगळे मांडून नेलेत तर वीस मिनिटांत नेमके बोलता येते, हा माझा अनुभव आहे.

त्या कागदावर काय असावे, ते सांगतो. निवडीचा विचार पहिल्या वर्षाच्या गुणांपासून पुढे नेऊ नये. जिथे पोहोचायचे आहे तिथून मागे यावे. तुम्हाला एम.एस्सी. करायची आहे, तर तुम्हाला परवडतील आणि आवडतील अशा तीन-चार ठिकाणांची प्रवेशाची माहितीपत्रके उघडा आणि त्यांतील फक्त पात्रतेचा परिच्छेद वहीत उतरवून घ्या. आपले स्वतःचे विद्यापीठ, पुण्या-मुंबईचे एखादे विद्यापीठ आणि जॅम परीक्षेतून प्रवेश देणारी एखादी आयआयटी एवढे पुरे. तिथे तुम्हाला दिसेल की केवळ पदवीचे नाव पुरत नाही. अमुक विषय किमान अमुक सत्रे शिकलेला असावा, अशा अटी असतात. एम.एस्सी. भौतिकशास्त्रासाठी पदवीला गणित किमान एक वर्ष झालेले असावे, ही अट अनेक ठिकाणी आढळते. मायनरचे महत्त्व इथेच आहे. मेजरमुळे तुमची मुख्य वाट ठरते, आणि ती वाट पुढे बंद झाली किंवा मन बदलले तर दुसरी कोणती वाट मोकळी राहील, ते मायनर ठरवतो.

दुसरी गोष्ट मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत असे, आणि ती गणिताच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे. तिसऱ्या सत्राचा अभ्यासक्रम पाहून विषय निवडू नका, पाचव्या आणि सहाव्या सत्राचा पाहा. बारावीपर्यंतचे गणित आणि पहिल्या वर्षाचे कलनशास्त्र यांत मुख्यतः उत्तर काढायचे असते. पुढे रिअल अ‍ॅनालिसिस आणि ग्रुप थिअरी आली की तेच गणित सिद्धतेचे होते. तिथे उत्तर आधीच दिलेले असते आणि ते तसेच का, हे एकेका पायरीने दाखवायचे असते. गणितात नव्वद गुण मिळवणारी मुले या वळणावर गोंधळलेली मी पाहिली आहेत, आणि साठ-पासष्ट गुणांची काही मुले इथेच खुललेलीही पाहिली आहेत. म्हणून सहा गुणांच्या फरकाकडे फार लक्ष देऊ नका. ग्रंथालयातून रिअल अ‍ॅनालिसिसचे एखादे पाठ्यपुस्तक घ्या, सीमेच्या म्हणजे लिमिटच्या व्याख्येचे प्रकरण काढा आणि दोन संध्याकाळी शांतपणे त्यावर बसा. सगळे समजले नाही तरी चालेल. न समजलेल्या ओळीकडे पुन्हा जावेसे वाटते की पुस्तक मिटावेसे वाटते, एवढेच स्वतःशी प्रामाणिकपणे पाहा. आवड आहे की नाही हे त्या दोन संध्याकाळींत जितके कळेल, तितके कोणाच्याही सांगण्यावरून कळणार नाही.

तिसरी गोष्ट विचारायला मुले संकोचतात, पण ती जरूर विचारा: तिसऱ्या वर्षी हा विषय कोण शिकवणार आहे? आपल्याकडे अनेक विभागांत पूर्णवेळ प्राध्यापक एक किंवा दोनच उरले आहेत आणि बाकीचे तास तासिका तत्त्वावरील शिक्षक घेतात. त्यांच्यात उत्तम शिकवणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या कष्टांविषयी मला मनापासून आदर आहे. पण वर्षाच्या मध्यावर शिक्षक बदलला की प्रकल्प आणि प्रात्यक्षिके यांची फार ओढाताण होते. शिवाय मेजरला पुरेसे विद्यार्थी नसतील तर निवडीचे पेपर कागदावर चार असले तरी प्रत्यक्षात एकच शिकवला जातो. हे सारे आता माहीत असेल तर पुढे मनस्ताप होत नाही.

माझे मत विचाराल, तर तुम्ही सांगितलेल्या उद्दिष्टांसाठी गणित मेजर आणि भौतिकशास्त्र मायनर ही जोडी मला योग्य वाटते. एम.एस्सी. गणितानंतर विज्ञान शाखेसाठीच्या सीएसआयआर नेटमध्ये गणितीय विज्ञान हा स्वतंत्र विषय आहे, आणि महाराष्ट्र व गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेते त्या सेट परीक्षेतही तो आहे. पुढे बी.एड. करावे लागले, तर गणित आणि विज्ञान दोन्ही शिकवू शकणाऱ्याला शाळेत स्थान असते. मात्र हे मत तुम्ही माहितीपत्रके वाचून आणि त्या दोन संध्याकाळी काढूनच स्वीकारा किंवा नाकारा.

थोडे विषयाच्या कडेचे, पण सांगायला हवे. आपल्याकडे ‘समुपदेशन’ हा शब्द ऐकला की आपल्याला काही त्रास आहे असे लोकांना वाटेल, या भीतीने मुले त्या खोलीकडे फिरकत नाहीत. अभ्यासाची दिशा विचारणे हा त्रास नव्हे, आणि ते विचारणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे.

वाळूजहून

खडूफळा सरांच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. रसायनशास्त्राची बाजू मात्र तुमच्यापुढे पुरेशी आलेली नाही, म्हणून लिहिते. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केली असून गेली सहा वर्षे एका औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करते.

तुमचे दाजी म्हणतात ते खोटे नाही. औद्योगिक वसाहतींच्या जवळ राहणाऱ्यांना बी.एस्सी. रसायनशास्त्रावर नोकरी मिळते. पण ती कोणती असते, ते समजून घ्या. केवळ पदवीवर बहुधा उत्पादन विभागात किंवा प्रयोगशाळेत कनिष्ठ पदावर सुरुवात होते, पाळ्या फिरत्या असतात आणि रात्रपाळी चुकत नाही. एम.एस्सी.नंतरही विश्लेषणात्मक रसायनशास्त्राची मुले गुणवत्ता विभागात जातात आणि सेंद्रिय रसायनशास्त्राची मुले संशोधन व संश्लेषणाकडे वळतात. म्हणजे पदवीनंतर आणखी एक निवड करावी लागते. माझा दिवस एचपीएलसी या (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या) यंत्रावर नमुने लावण्यात आणि त्यापेक्षाही जास्त वेळ प्रत्येक कृतीची अचूक नोंद ठेवण्यात जातो. मला हे काम आवडते, कारण पहिल्या वर्षापासून मला प्रयोगशाळेत उभे राहणे आवडत असे. तुम्ही लिहिले आहे की तुमचा हात आपोआप गणिताच्या वहीकडे जातो. प्रात्यक्षिकाचा तास संपू नये असे तुम्हाला कधी वाटले आहे का? वाटले नसेल तर केवळ नोकरीच्या आशेने हा विषय घेऊ नका.

माझ्याकडून झालेली चूकही सांगते. बारावीला नीटसाठी मी जीवशास्त्र घेतले होते आणि गणित सोडले होते. पदवीला रसायनशास्त्राबरोबर वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले, त्याचे एकमेव कारण असे की त्या गटाची प्रात्यक्षिके दुपारी तीनपर्यंत संपत आणि आमच्या गावाकडची शेवटची एसटी साडेचारला सुटे. घरच्यांनी आणि मी तेवढाच विचार केला होता, आणि त्या वेळी तो आम्हाला पुरेसा वाटला. तिसऱ्या वर्षी मला एमसीएला जावेसे वाटू लागले. माहितीपत्रक उघडले तर बारावीला किंवा पदवीला गणित असावे, अशी अट होती, आणि माझ्याकडे ते दोन्हीकडे नव्हते. मी तो विचार तिथेच सोडून दिला. आमच्याही महाविद्यालयात पालक प्राध्यापक होते, पण बसची वेळ सांगितली तर हसतील म्हणून मी त्यांना खरे कारण कधी सांगितलेच नाही. आता वाटते की सांगितले असते तर गटाची वेळ बदलून देण्याचा किंवा वसतिगृहाचा काही मार्ग त्यांनी शोधला असता. म्हणून तुमच्या त्या कागदावर घरचे अंतर, बस, पैसे, शेतीच्या हंगामात घरी राहावे लागत असेल तर तेही लिहा. सल्ला देणाऱ्याला आपली पूर्ण परिस्थिती माहीत नसेल तर त्याचा सल्ला आपल्याला लागू पडत नाही.

आवक-जावक

मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे विषयनिवडीवर बोलत नाही. नियमांपुरते सांगतो, कारण याच बाबतीत मुले ऐकीव माहितीवर चालतात.

तीन की चार वर्षे, हा निर्णय आज घ्यावा लागत नाही. आपल्या राज्यात साधारणपणे प्रत्येक सत्राला २२ श्रेयांक असतात, म्हणजे तीन वर्षांचे १३२ आणि चार वर्षांचे १७६. तीन वर्षांनी पदवी घेऊन दोन वर्षांची एम.एस्सी. करा किंवा चार वर्षांची ऑनर्स पदवी घेऊन एक वर्षाची एम.एस्सी. करा, एकूण वर्षे पाचच होतात. फरक असा की चौथे वर्ष तुमच्या महाविद्यालयात सुरू असले पाहिजे, आणि संशोधनासह ऑनर्स करायचे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेल्याला पीएच.डी.च्या प्रवेशासाठी थेट पात्र धरले जाते, राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे. म्हणून निर्णय पुढे घ्यायचा असला तरी ते दार उघडे ठेवण्यासाठी गुणांकडे आतापासूनच पाहावे लागते. एमपीएससीच्या राज्यसेवेला तीन वर्षांची पदवी पुरते.

मध्येच बाहेर पडण्याविषयीही गैरसमज फार आहेत. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते, पण त्यासाठी ४ श्रेयांकांचा जादा कौशल्य अभ्यासक्रम किंवा कार्यानुभव पूर्ण करावा लागतो. परत यायचे असेल तर तीन वर्षांच्या आत यावे आणि सात वर्षांच्या आत पदवी पूर्ण करावी, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा आराखडा आहे. जिथे पदवीची अट आहे अशा भरतीला हे प्रमाणपत्र उपयोगी पडत नाही, त्यामुळे घरची अगदीच अडचण नसेल तर ती वाट धरू नये.

मिळवलेले श्रेयांक जमा होतात त्या श्रेयांकांच्या बँकेचे (एबीसी) तुमचे खाते डिजिलॉकरवरून उघडलेले असेलच. त्यातील नाव, आधारवरील नाव आणि महाविद्यालयातील नोंद ही तिन्ही अक्षरशः जुळतात का, ते आजच तपासा. वडिलांच्या नावातील एका वेलांटीमुळे विद्यार्थ्यांचे श्रेयांक अडकून पडलेले मी पाहिले आहेत, आणि तिसऱ्या वर्षी दुरुस्तीला जो वेळ लागतो तो पहिल्या वर्षी लागत नाही.

तसेच ओपन इलेक्टिव्ह हा विषय तुमच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. गुण सहज मिळतात असे ऐकून तो घेऊ नका. एमपीएससीचा विचार असेल तर अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्रासारखा विषय घेतलात तर तेच वाचन दोनदा उपयोगी पडेल. तुमच्या महाविद्यालयात हवा तो पेपर शिकवला जात नसेल तर ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रमाचा मार्ग आहे, एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्यातून घेता येतात. मात्र नोंदणी करण्यापूर्वी महाविद्यालयाची लेखी मान्यता घ्या. आधी अभ्यासक्रम पूर्ण करून मग मान्यता मागायला आलेल्या मुलांना आम्हाला नाइलाजाने परत पाठवावे लागत असे, आणि ते काम मला कधीही आवडले नाही.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवस उत्तर दिले नाही, कारण आपण सांगितलेल्या गोष्टी एकेक करून पाहत होतो.

चार माहितीपत्रकांतील पात्रतेचे परिच्छेद वहीत उतरवले. ग्रंथालयातून पुस्तक आणले आणि दोन नव्हे, पाच संध्याकाळी बसलो. एप्सिलॉन आणि डेल्टाची व्याख्या पहिल्या तीन दिवसांत काहीच कळली नाही. चौथ्या दिवशी एप्सिलॉन आधी का दिलेला असतो आणि डेल्टा नंतर का शोधायचा असतो, ते एकदम ध्यानात आले, आणि त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. वाळूजच्या ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही स्वतःला दिले: प्रात्यक्षिकाचा तास कधी संपतो याकडेच माझे लक्ष असते.

मग कागद घेऊन सरांकडे गेलो. कागदावर सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत मी पंधरा दिवस वर्गात नसतो, हेही लिहिले होते. सरांनी कागद दोनदा वाचला, मला समोर खुर्चीवर बसवले आणि अर्धा तास बोलले. गणित विभागात दोन पूर्णवेळ प्राध्यापक असून तिसऱ्या वर्षाचे मुख्य पेपर तेच घेतात, हे त्यांच्याकडूनच कळले. भौतिकशास्त्राचे एक सर पुढील वर्षी निवृत्त होत आहेत, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. काढणीच्या दिवसांतील उपस्थितीबद्दल त्यांनी दोन्ही विभागप्रमुखांशी स्वतः बोलण्याचे कबूल केले आहे, कारण ७५ टक्क्यांच्या खाली गेलो तर परीक्षेचा अर्जच अडेल. तो कागद त्यांनी ठेवून घेतला आणि दिवाळीनंतर पुन्हा ये, असे सांगितले.

काल अर्ज दिला. गणित मेजर, भौतिकशास्त्र मायनर आणि ओपन इलेक्टिव्हला अर्थशास्त्र घेतले आहे. खात्यातील नावही तपासले. आडनावात खरोखरच एक अक्षर चुकले होते, त्याच्या दुरुस्तीचा अर्ज सोबत जोडला. दाजींना अजून पटलेले नाही. येत्या रविवारी ते घरी येणार आहेत, तेव्हा माहितीपत्रकांची वही त्यांच्यापुढे ठेवणार आहे.

खडूफळा सर, एक विचारायचे राहिले. सुट्टी अजून पाच आठवडे आहे. त्या पुस्तकातील पुढचे प्रकरण अनुक्रमांचे म्हणजे सिक्वेन्सचे आहे. ते आताच सुरू करावे, की लिमिटवरील उदाहरणे आधी पूर्ण करावीत?

खडूफळा

उदाहरणे आधी. रोज दोनच सोडवा, पण प्रत्येक सिद्धता पुस्तक मिटून पुन्हा लिहून पाहा. जिथे हात थांबेल ती ओळ इथे लिहा. मी भौतिकशास्त्राचा माणूस असलो तरी एवढे गणित मला सांगता येईल, आणि नाही आले तर माझ्या एका गणिताच्या सहकाऱ्याला विचारून सांगेन.